ट्रॉलीच्या स्टँडला 'नवी प्लेट' म्हणून काय गळ्यात मारतात

मार्च लागला की मराठवाड्यात पाण्याच्या टँकरची धावपळ सुरू होते. कारखान्यांवरून मोकळ्या झालेल्या उसाच्या ट्रॉल्याही त्याच सुमारास दुरुस्तीला येतात. टायर, बेअरिंग, हुक याकडे मालक डोळ्यांत तेल घालून बघतो आणि ट्रॅक्टर सोडल्यावर ट्रॉली ज्यावर टेकते तो पुढच्या स्टँडचा, म्हणजे स्क्रूने वर-खाली होणाऱ्या जॅकचा, पाय मात्र "तेवढी खालची प्लेट बदलून टाका" म्हणून सोडून देतो. फसवणूक नेमकी तिथे होते. काम लहान, मालकाला घाई, आणि वरून रंग मारला की आत काय आहे हे कुणाच्या बापाला कळत नाही.

तोंडी ठरतं ते साधारण असं: सडलेली प्लेट गॅसने कापून काढायची, तीन सुती, म्हणजे साडेनऊ मिलिमीटर जाडीची, नवी प्लेट लावायची, पाइपाला सगळीकडून वेल्डिंग, चार त्रिकोणी आधारपट्ट्या, स्क्रूला ग्रीस आणि गंजू नये म्हणून 'गॅल्वनाइज'. पैसेही त्याच हिशेबाने घेतले जातात. पहिल्या पावसात प्लेट वाकली आणि पाय कापून उघडला की वेगळाच माल निघतो. जुनी प्लेट जागच्या जागी असते. तिच्याच खाली पातळ, एक-दीड सुती पत्रा वेल्डिंगचे टाके मारून चिकटवलेला असतो. कडेची फट लांबी, म्हणजे पुट्टी, भरून घासलेली असते. म्हणून कडेला व्हर्नियर (जाडी मोजायचं माप) लावला तरी माप तीन सूत भरतं. हुशारी तिथेच आहे. गिऱ्हाईक मापणार हे धरूनच काम केलेलं असतं.

अशी दुपदरी प्लेट टिकत नाही याचं कारण सरळ आहे. दोन पत्र्यांच्या मधे पाणी शिरतं, ते वाळत नाही, आणि गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो. तो फुगत जातो, पत्रे एकमेकांपासून दूर ढकलले जातात आणि टाके एकेक करून सुटतात. हातोडीने ठोकून बघा. एकसंध प्लेट टणकन वाजते, दुपदरी प्लेटचा आवाज बसका येतो. आवाजावर भरवसा नसेल तर ग्राइंडरने एका कोपऱ्यावर बोटभर रुंदीची कड उघडी करायला सांगा. दोन पदर असतील तर मधली काळी रेघ लगेच दिसते.

पण त्याहून सोपी तपासणी प्लेट लावण्याआधीची आहे, ती म्हणजे वजन. प्लेटची लांबी आणि रुंदी सेंटिमीटरमध्ये, जाडी मिलिमीटरमध्ये घ्या, तिन्हींचा गुणाकार करा आणि 0.785 ने गुणा. वजन ग्रॅममध्ये येतं. 20 बाय 20 सेंटिमीटरची 10 मिलिमीटर प्लेट 3 किलो 140 ग्रॅम भरते. त्याच मापाची 6 मिलिमीटरची प्लेट 1 किलो 884 ग्रॅम. किराणा दुकानातला काटाही या कामाला पुरतो. तीन सूत म्हणजे साडेनऊ मिलिमीटर, तेव्हा तीन किलोच्या आसपास वजन यायला हवं. दोन किलोच्या खाली आलं तर बोलणंच संपलं. "जालन्याचा माल आहे" हे ऐकून काटा बाजूला ठेवू नका. जालन्याचं नाव आहे ते मुख्यतः सळईसाठी, आणि प्लेट कुठलीही असली तरी वजन गावाच्या नावाने वाढत नाही.

चार मिलिमीटरच्या फरकाने काय होतं, असं विचारणारे भेटतात. वाकण्याविरुद्धची ताकद जाडीच्या वर्गाने बदलते. 10 चा वर्ग 100, 6 चा 36. म्हणजे सहा मिलिमीटरची प्लेट जेमतेम एक तृतीयांश भार सोसते. पाच हजार लिटरच्या टँकरमध्ये पाच टन पाणी असतं. त्यातला एक टन भार स्टँडवर आला असं धरू. 20 बाय 20 ची प्लेट सपाट राहिली तर जमिनीवर दर चौरस सेंटिमीटरला अडीच किलो दाब पडतो. प्लेट वाटीसारखी वर वळली की सगळा भार मधल्या साडेसात सेंटिमीटर पाइपाखाली येतो आणि दाब साधारण नऊपट होतो. मुरमावर हे खपून जातं. भिजलेल्या काळ्या मातीत पाय सरळ आत जातो, टँकर एका अंगाला कलतो आणि स्क्रू वाकतो. मग प्लेटच नाही, अख्खा जॅक बदलावा लागतो.

वेल्डिंगमध्येही हीच चाल. सगळीकडून सलग टाका ठरलेला असतो, मारतात ठिकठिकाणी, आणि मधल्या जागा लांबीने भरतात. इथे साधं चुंबक कामाला येतं. लांबीच्या जाड थरावरून फिरवलं की पकड ढिली पडते. रंग लागण्याआधी गेलात तर चुंबकाचीही गरज नाही, टाक्यावरची खपली झाडायला लावा आणि बघा. या कामाला 3.15 मिलिमीटरचा 6013 नंबरचा वेल्डिंग रॉड, शंभर ते एकशेवीस अँपिअरवर, चांगला चालतो. रॉड ओलसर असेल किंवा खालचा गंज घासलेला नसेल तर टाक्यात सुईने टोचल्यासारखी छिद्रं दिसतात. तो टाका कापून परत मारायला सांगायचा, "वरून एक फेरी मारतो" हे ऐकायचं नाही.

'गॅल्वनाइज' हा तर सर्रास चालणारा थापेबाजीचा प्रकार. खरं गॅल्वनाइझिंग म्हणजे सुटा भाग साधारण 450 अंश तापलेल्या वितळलेल्या जस्तात बुडवणं. ट्रॉलीला जोडलेल्या पायावर, त्याच दिवशी, रस्त्याकडेच्या वर्कशॉपमध्ये ते होऊच शकत नाही. तुम्हाला मिळतो तो चांदीसारखा रंग. थिनरच्या फडक्याने घासा, फडकं रुपेरी झालं की समजा. चुंबक लावून "बघा, ओरिजनल" म्हणणाऱ्याकडे लक्ष देऊ नका, जस्ताखालीही लोखंडच असतं, ते चिकटणारच. खरं तर या पायाला त्या थाटाची गरजही नाही. घासून त्याच दिवशी रेड ऑक्साइडचा प्रायमर आणि वर दोन हात इनॅमल पुरे. तळ घासलाच जाणार, म्हणून उभं करताना खाली बाभळीची 30 बाय 30 सेंटिमीटरची, दोन इंच जाड फळी सुटी ठेवावी. प्लेटला रबर कायमचं बोल्टने आवळू नये, त्यामागे पाणी साठतं.

पाइपाच्या तळाशी आठ-दहा मिलिमीटरचं पाणी निघण्याचं भोक असतं. नवीन प्लेट लावताना ते बुजलं तर पाय आतून सडतो. हे बहुधा लबाडीने नाही, आळशीपणाने होतं, पण नुकसान तेवढंच.

स्क्रूच्या बाबतीत दोन गोष्टी. ग्रीसचं निप्पल (ग्रीस भरायची तोटी) बसवलेलं असतं, पण त्याच्या मागे भोकच पाडलेलं नसतं. गनने ग्रीस मारून बघा, आट्यांतून नवं ग्रीस बाहेर आलं पाहिजे. आणि 'पितळी नट' म्हणून पैसे घेतले असतील तर चुंबक लावा, पितळेला ते चिकटत नाही. हायटेन्सिल, म्हणजे जास्त ताकदीच्या, बोल्टच्या डोक्यावर 8.8 कोरलेलं असतं. नसेल तर साध्या बोल्टचेच पैसे द्या.

बिलावर "दुरुस्ती, एकूण" एवढंच लिहून घेऊ नका. प्लेटची जाडी मिलिमीटरमध्ये, वजन, आणि 'जुनी प्लेट कापून काढली' हे शब्द हवेत. कापलेली प्लेट परत मागा. ती दाखवता आली नाही तर ती आतच आहे. फसलात तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 आहे. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही आणि वकील लावलाच पाहिजे असंही नाही. टँकर भाड्याने चालवत असाल तर समोरचा 'हा धंदा आहे, ग्राहक नाही' म्हणेल. स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वतः चालवता हे तक्रारीतच लिहा.

थोडे पैसे हातचे राखून ठेवा आणि भरलेल्या टँकरवर काम तपासा. सिमेंटच्या सपाट जागेवर, चाकांना पुढे-मागे दगड लावून, ट्रॅक्टर सोडवून टँकर स्टँडवर उभा करा. अर्ध्या तासाने प्लेटच्या चारी कोपऱ्यांखाली हॅक्सॉ ब्लेड सरकवून बघा. कुठल्याही कोपऱ्याखाली ब्लेड गेलं तर प्लेट वळली आहे किंवा तिरकी बसली आहे. तपासताना टँकरच्या खाली कुणी शिरू नये, नवीन पाय असला तरी.