साडेसहा हजारांचा सेट, अठराशेचा सेट, आणि आत एकच माल

सायकलच्या हत्यारांच्या दोन्ही पेट्या टेबलावर शेजारी शेजारी उघडल्या, तेव्हा आधी नजर गेली ती ६ मिमीच्या अ‍ॅलन कीवरच्या, म्हणजे बोल्टच्या षटकोनी खोबणीत बसणाऱ्या चावीवरच्या, आकड्याकडे. दोन्ही कींवर तो '६' डावीकडे कललेला होता आणि दोन्हींवर त्याच्या पोटाशी एकसारखा बारीक ओरखडा होता. एक पेटी बिननावाची, काळी, ऑनलाइन १,७९९ रुपयांना आलेली. दुसरी इथेच इंदूरमध्ये ६,५०० रुपयांना घेतलेली: निळ्या मुठी, जाड खोका, होलोग्राम आणि वर एका नामांकित परदेशी कंपनीचं नाव. आकड्याचा ठसा मारणारा साचा एकच होता. चेनची पिन काढणाऱ्या चेन ब्रेकरच्या दांड्यावरची फुगलेली कडही दोन्हींत त्याच जागी होती. ४,७०१ रुपयांचा फरक होता तो मुठींच्या रंगाचा आणि खोक्याचा.

इंदूरच्या सुपर कॉरिडॉर रस्त्यावर सकाळी सायकल चालवणाऱ्या आमच्या गटातल्या दोघांचे हे सेट. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण दुकान बदललं तरी पेटी तीच असते. नव्या माणसाला सगळे सांगतात की स्वस्तातलं घेऊ नकोस, थोडे जास्त पैसे टाक. ही फसवणूक नेमकी त्या सल्ल्यावर चालते. ज्यानं साडेसहा हजार मोजले त्याला हलका माल नकोच होता, आणि विकणाऱ्याला ते पक्कं माहीत होतं. म्हणून किंमत बाजूला ठेवा आणि वस्तू मोजा. मोजायला लागतो एक व्हर्नियर कॅलिपर, म्हणजे जाडी बारीक मोजायचं साधन. इंदूरच्या सियागंज बाजारात किंवा आपल्या भागातल्या हार्डवेअरच्या दुकानात साधा मिळतो, आणि तो एकदा घेतला की पुढची बरीच खरेदी वाचते.

सुरुवात ५ मिमीच्या कीपासून करा, कारण सायकलवर ४, ५ आणि ६ याच कींचं काम सर्वांत जास्त. समोरासमोरच्या दोन सपाट बाजूंमध्ये कॅलिपर धरा. चांगली की ४.९५ किंवा त्याच्या जरा वर भरते. या दोन सेटमधल्या कींनी ४.८२ आणि ४.८४ दाखवले. एक-दीड दशांश मिलिमीटरनं काय होतं, असं वाटेल. की ढिली असली की ती बोल्टच्या खोबणीत थोडी फिरते, मग तिची बाजू बोल्टच्या बाजूला टेकत नाही, फक्त कोपरे टेकतात. सगळा जोर सहा बारीक रेषांवर येतो. आधी कीचे कोपरे गोल होतात, आणि गोल झालेली की पुढच्या वेळी बोल्टची खोबणी गोल करते. खंडवा रोडनं सिमरोलच्या पुढे घाट उतरायचा असेल, स्टेम (हँडल धरून ठेवणारा भाग) थोडा वळलेला दिसत असेल आणि बोल्टमध्ये की नुसती गरगर फिरत असेल, तर त्या दिवशी घाट उतरू नका. घरी आल्यावर ५ मिमीच्या खोबणीत टी-३० चा टॉर्क्स बिट (ताऱ्याच्या आकाराच्या टोकाचा) हातोडीनं ठोकून बसवा आणि सावकाश उलटा फिरवा. ४ मिमीच्या खोबणीला टी-२५ लागतो. निघालेला बोल्ट परत वापरायचा नाही.

कीवर 'सीआर-व्ही' असा ठसा असतो. त्याचा अर्थ क्रोम व्हॅनेडियम पोलाद. पण ठसा कुणीही मारू शकतो, त्यानं पोलाद बदलत नाही. नव्या कानसीनं लांब दांड्याच्या मध्यावर एक हलका हात मारून पाहा. टणक केलेल्या कीवर जेमतेम ओरखडा उठतो, मऊ लोखंडाचा भुगा लगेच खाली पडतो. दुसरी परीक्षा पावसाळा घेतो. माळव्याची काळी माती ओली असताना सगळीकडे चिकटते, आणि पातळ मुलाम्याची की चार दिवस पिशवीत तशीच राहिली की कोपऱ्यांवर तांबूस होते. कोपऱ्यावरचा मुलामा पापुद्र्यासारखा निघाला तर तो सेट बोल्टला लावू नका.

खरं नुकसान मात्र क्रँक (पायडल ज्यावर बसतं तो दांडा) काढणाऱ्या क्रँक पुलरनं केलं, आणि त्याबद्दल जरा सविस्तर लिहिणं भाग आहे. चौकोनी अ‍ॅक्सलवरून क्रँक काढायचा पुलर क्रँकच्या आतल्या २२ मिमीच्या आट्यांमध्ये बसतो. क्रँक अ‍ॅल्युमिनियमचा, पुलर पोलादाचा. आटे बारीक असतात, एका फेऱ्याला १ मिमी. चांगल्या पुलरचा बाहेरचा व्यास जवळजवळ २१.९ भरतो, या सेटमधला २१.६ भरला. म्हणजे आट्यांची शेंडी आधीच कापलेली, पकड बरीच कमी. साडेसहा हजारवाल्या सेटनं डावा क्रँक काढताना पुलरचा दांडा आत गेला, अ‍ॅक्सलला टेकला, आणि क्रँक सुटण्याऐवजी पुलर अ‍ॅल्युमिनियमचे आटे घेऊन बाहेर आला. त्या क्रँकला नंतर कुठलाच पुलर धरत नाही. क्रँक बदलावा लागला.

पुलर चांगला असला तरी हेच होऊ शकतं, म्हणून क्रम नीट पाळा. आधी क्रँकचा बोल्ट काढा, बहुतेक वेळा ८ मिमीची की लागते. मग आत वॉशर राहिलंय का ते टॉर्च लावून बघा. राहिलेलं वॉशर हे आटे जाण्याचं सर्वांत नेहमीचं कारण आहे. आटे ब्रशनं साफ करा, थोडं ग्रीस लावा. पुलरचा दांडा पूर्ण मागे घ्या आणि पुलर हातानं, पाना न लावता, शेवटपर्यंत आत घाला. दोन फेऱ्यांतच अडकला तर तो तिरका गेला आहे, बाहेर काढा. पूर्ण बसल्यावर पान्यानं हलकेच आवळा, आणि मगच दांडा फिरवा.

महाग सेटमध्ये एक टॉर्क रेंचही होता, म्हणजे ठरवलेला जोर पडला की क्लिक करणारा पाना, ज्याच्यामुळे किंमत पटली होती. स्टेमच्या बोल्टना साधारण ५ ते ६ न्यूटन मीटर (आवळण्याच्या जोराचं माप) लागतात. नक्की आकडा स्टेमवरच छापलेला असतो, तो पाळा. टॉर्क रेंच खरा की खोटा हे घरी तपासता येतं. एक बोल्ट व्हाइसमध्ये आडवा पकडा. रेंच ५ वर लावा, बोल्टवर जमिनीला समांतर ठेवा आणि बोल्टच्या मध्यापासून २५ सेंटिमीटरवर दोन लिटर पाण्याची भरलेली बाटली दोरीनं टांगा. दोन किलो वजन पाव मीटरवर म्हणजे ४.९ न्यूटन मीटर. त्यात रेंचच्या स्वतःच्या वजनाची थोडी भर पडते. मूठ आखूड असेल तर अंतर कमी आणि पाणी जास्त, हिशोब तोच. इथे चांगला रेंच क्लिक करतो किंवा अगदी काठावर असतो. या सेटमधल्या रेंचला दुसरी बाटली जोडली तरी क्लिक आली नाही. ५ समजून १० चा जोर पडला तर अ‍ॅल्युमिनियमच्या स्टेममधले आटे जातात. हँडल कार्बनचं असेल तर तडा जातो, आणि तो टेपखाली दिसत नाही. गाडीच्या गॅरेजमधला मोठा रेंचही इथे चालत नाही, तो चाळीसच्या आसपास सुरू होतो.

मग पैसे वाचवायचे कुठे? जागा पुष्कळ आहेत. देशी बनावटीच्या अ‍ॅलन की हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. तापरियासारख्या नाशिकच्या कंपनीचा साधा सेट सायकलीची नव्वद टक्के कामं निभावतो. पायडलला १५ मिमीचा लांब पाना घ्या. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात हे लक्षात असलं की झालं. टायर लिव्हर, पॅच, सोल्यूशन स्वस्तातलेही चालतात. चेन किती ताणली आहे हे बघायला महागडा गेज नको, इंचांची पोलादी पट्टी पुरते: एका पिनच्या मध्यावर शून्य ठेवा, बरोबर १२ इंचांवर पिनचा मध्य आला पाहिजे. तो १/१६ इंच पुढे गेला की अर्धा टक्का झीज झाली, ११ आणि १२ स्पीडची चेन तेव्हाच बदला. १/८ इंच पुढे गेला तर चेनबरोबर कॅसेटही (मागच्या चाकावरच्या दातेरी चक्रांचा संच) बहुधा गेलेली असते. एकच वस्तू स्वस्तात अजिबात घेऊ नका: बऱ्याच खाचांची गोल स्पोक चावी. तिची एकही खाच निपलवर (स्पोक ताणणारा छोटा नट) नीट बसत नाही आणि निपलचे कोपरे जातात.

आता हेल्मेट. फसवणूक इथेही तीच आहे, फक्त मोबदला डोक्यानं द्यावा लागतो. आतल्या बाजूचं लेबल वाचा. युरोपचं ईएन १०७८ किंवा अमेरिकेचं सीपीएससी, यांपैकी एक नाव स्पष्ट हवं, सोबत बनवणाऱ्याचं नाव, मॉडेल, माप आणि तारीख. नुसतं 'सीई' पुरेसं नाही. आयएस ४१५१ चा शिक्का दाखवला तर तो मोटारसायकलच्या हेल्मेटचा मानक आहे, त्यावरून सायकलच्या हेल्मेटचं काही सिद्ध होत नाही. ईएन चाचणीत हेल्मेट सपाट पृष्ठावर साधारण दीड मीटरवरून पाडतात, सीपीएससीत दोन मीटरवरून. हा मार झेलतो तो आतला थर्माकोलसारखा घट्ट थर, ईपीएस. तो चेपून मार पितो आणि परत फुगत नाही. म्हणून एकदा आपटलेलं हेल्मेट संपलं, आणि 'जवळजवळ नवं' म्हणून विकलं जाणारं वापरलेलं हेल्मेट कितीही स्वस्त असलं तरी घेऊ नका. आतलं मऊ पॅड काढून बघा. खाली घट्ट ईपीएस नसेल, नुसता स्पंज आणि वर प्लास्टिक असेल, तर ते हेल्मेट नव्हे. शेवटी पट्टा लावून दोन्ही हातांनी जोरात हिसका द्या. बकल सरकलं तर परत करा.

लाइटचा खोटेपणा गणितानं पकडता येतो. '३,००० ल्यूमेन, ६ तास' असं खोक्यावर असतं. चांगला एलईडी लाइट एका वॅटला साधारण १०० ल्यूमेन देतो, म्हणजे ३० वॅट. सहा तासांचे १८० वॅट तास झाले. आत १८६५० जातीचे सेल असतात, १८ मिमी जाडीचे आणि ६५ मिमी लांबीचे. त्यांतला उत्तम सेल ३,५०० मिलिअँपिअर तासांचा, म्हणजे सुमारे साडेबारा वॅट तास. सहा तासांसाठी असे १४-१५ सेल लागतील. लाइटमध्ये असतात एक किंवा दोन. सेलवर ९,९०० लिहिलेलं दिसलं तर तो तिथेच ठेवा. किचनच्या काट्यावर खरा सेल ४५ ग्रॅमच्या आसपास भरतो, खोटा बऱ्याचदा तिशीतच थांबतो. पहाटे बायपासवर ट्रक मागून येत असताना लाइट चाळीस मिनिटांत विझणं हा नुसत्या पैशांचा प्रश्न नाही.

पॅडच्या शॉर्ट्सबद्दल थोडक्यात: पॅड अंगठ्यानं दाबा, बोटाला पलीकडचं बोट लागलं तर तासाभरानंतर तो पॅड नसल्यासारखाच आहे. जेलची जाडी बघून भुलू नका. आतली शिवण सपाट हवी.

आता खरेदीचे कागद, कारण पैसे परत मिळाले ते यांच्यामुळेच. दुकानदारानं खोक्यावरचा क्यूआर स्कॅन करून 'अस्सल' असं पान उघडून दाखवलं होतं. क्यूआर छापणाऱ्यानंच ते पान बनवलेलं असतं. कंपनीची साइट स्वतः टाइप करून उघडा आणि अधिकृत विक्रेत्यांची यादी बघा. आयात मालाच्या पाकिटावर आयात करणाऱ्याचं नाव आणि पत्ता, कुठल्या देशात बनलं, महिना-वर्ष आणि एमआरपी छापलेली असली पाहिजे. पक्कं बिल घ्या. जीएसटी क्रमांक १५ अक्षरांचा असतो, आणि मध्य प्रदेशातल्या नोंदणीचा असेल तर तो २३ नं सुरू होतो. जीएसटीच्या पोर्टलवर तो टाकला की दुकानाचं नाव दिसतं. या प्रकरणात यूपीआयवर पैसे घेणाऱ्याचं नाव आणि पाटीवरचं नाव वेगळं होतं. तिथेच थांबायला हवं होतं.

ऑनलाइन पार्सल उघडताना शिक्क्यापासून शेवटच्या पान्यापर्यंत एकसलग व्हिडिओ घ्या. परत घेत नसतील तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, आणि पैसे घेऊन विक्रेता गायब झाला असेल तर वेळ न घालवता सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३०. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी जिल्हा ग्राहक आयोगात फी लागत नाही. दुकानात आवाज चढवण्यापेक्षा दोन कललेल्या सहांचा शेजारी शेजारी काढलेला फोटो आणि कॅलिपरचे आकडे लेखी तक्रारीला जोडले, तेव्हा साडेसहा हजार परत मिळाले. क्रँकचे पैसे मिळाले नाहीत.

काळ्या पेटीचा विक्रेता मात्र ऑनलाइन दुकानासकट नाहीसा झाला आणि तो सेट आमच्याकडेच राहिला. त्यातल्या टायर लिव्हर ठेवल्या. बाकीचं भंगारात देण्याआधी प्रत्येक कीचं टोक ग्राइंडरवर कापलं आणि पुलरचे आटे घासून काढले, म्हणजे त्या परत कुणाच्या पेटीत जायला नकोत.