जुन्या लाकडावर प्लास्टिक ठोकून घेऊ नका: फेशिया-सॉफिट बदलून घेतल्याचा रिव्ह्यू (रेडिंग, यूके)

इकडे यूकेमध्ये जुनं घर घेतलेल्या मराठी मंडळींसाठी मुद्दाम लिहितेय. आम्ही हे काम काढलं तेव्हा ओळखीतल्या कुणाकडूनच धड माहिती मिळाली नाही, बॉयलर आणि डबल ग्लेझिंगबद्दल सगळे भरभरून सांगतात पण छपराच्या कडेचा विषय निघाला की कुणी काही केलेलंच नसतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, गटर म्हणजे आपली पन्हळ ज्या उभ्या फळीवर बसवलेली असते ती फेशिया, आणि तिच्या खालून भिंतीपर्यंत जी आडवी फळी जाते, अंगणात उभं राहून वर बघितलं की दिसते, ती सॉफिट. वाशांची टोकं या दोन फळ्यांच्या आत बंद असतात आणि सगळी गोम तिथेच आहे.

आमचं घर साठच्या दशकातलं सेमी-डिटॅच्ड, म्हणजे एका बाजूने शेजाऱ्यांच्या घराला जोडलेलं, फेशिया मूळचीच लाकडी. उत्तरेकडच्या बाजूला रंगाचे पापुद्रे निघालेले, एका जॉइंटपाशी स्क्रूड्रायव्हर टेकवला तर सरळ आत गेला, गटरला मधेच झोल आलेला आणि तिथून पाणी भिंतीवर. वरच्या बेडरूमच्या कोपऱ्यात छताजवळ ओल धरायला लागली तेव्हा मग कोटेशनं मागवली.

आणि इथेच मला सगळ्यात जास्त सांगायचंय. कोटेशन देणारे दोन प्रकारचे भेटतात. एक जण खालूनच बघून सांगतो की जुन्या लाकडावर पांढरं प्लास्टिक चढवून देतो, याला कॅपिंग म्हणतात, पातळ बोर्ड असतो साधारण ९ मिलिमीटरचा, काम पटकन होतं, स्वस्त पडतं आणि खालून बघितलं तर नव्या फेशियात आणि यात काहीही फरक दिसत नाही. दुसरा म्हणतो जुनं सगळं काढणार, वाशांची टोकं उघडी करून बघणार, आणि १६ किंवा १८ मिलिमीटरचा जाड बोर्ड थेट वाशांना ठोकणार. जाड बोर्ड गटरचं वजन स्वतः पेलतो, पातळ बोर्ड नाही पेलत, तिथे गटर शेवटी आतल्या जुन्या लाकडावरच लटकलेलं असतं. पावसात भरून वाहणाऱ्या गटरला वजन किती असतं विचार करा, आणि ते कुजक्या फळीत गेलेल्या खिळ्यांवर! शिवाय ओलं लाकूड प्लास्टिकच्या मागे कोंडलं की ते वाळतच नाही, आत कुजत राहतं आणि बाहेरून सगळं चकाचक. लाकूड खरंच ठणठणीत असेल तर कॅपिंग चालेलही, पण वर चढून टोचून बघितल्याशिवाय ते ठणठणीत आहे हे तो खालून कसं सांगतो? कोटेशनवर नुसतं 'नवीन यूपीव्हीसी (म्हणजे कडक प्लास्टिकची) फेशिया' लिहिलं असेल तर जाडी किती आणि जुनं लाकूड काढणार का हे लेखी मागा. बहुतेक वेळा किमतीतला फरक तिथेच असतो.

आम्ही ज्यांना काम दिलं ती इथली बाप-लेकाची छोटी फर्म, नाव इथे टाकत नाही. ते मला पहिल्यांदा आवडले ते ॲस्बेस्टॉसच्या मुद्द्यावर, म्हणजे जुन्या बांधकामात वापरलेलं ते तंतूंचं साहित्य ज्याची धूळ फुप्फुसांना घातक असते. आमची सॉफिट म्हणजे करड्या सपाट शीट होत्या. त्यांनी बघितल्या बघितल्या सांगितलं की याची टेस्ट झाल्याशिवाय आम्ही हात लावणार नाही. यूकेमध्ये ॲस्बेस्टॉसवर पूर्ण बंदी १९९९ साली आली, त्यामुळे २००० च्या आधीच्या कुठल्याही घरात ते असू शकतं आणि जुन्या सॉफिट ही त्याची नेहमीची जागा. सॅम्पल लॅबला गेलं, रिपोर्टमध्ये ॲस्बेस्टॉस सिमेंट निघालं. त्यातल्या त्यात बरं, कारण सिमेंटवालं काम सहसा लायसन्सशिवाय पण ट्रेनिंग घेतलेल्या माणसांकडून करता येतं, शीट ओली करून, न फोडता अख्खी उतरवायची, गुंडाळून धोकादायक कचरा म्हणून नियमाप्रमाणे टाकायची. ॲस्बेस्टॉसचा इन्सुलेटिंग बोर्ड निघाला असता तर बहुधा लायसन्सवाली कंपनीच लागली असती. एका आधीच्या माणसाने हीच शीट हातोडीने फोडून स्किपमध्ये (कचऱ्याच्या मोठ्या लोखंडी पेटीत) टाकू असं सांगितलं होतं. घरात लहान मुलं आहेत हो, ती धूळ कुणाच्या फुप्फुसात जाणार? असं कुणी बोललं तर तिथल्या तिथे नाही म्हणा.

जुनं उतरवल्यावर जे दिसलं त्याचे फोटो त्यांनी लगेच पाठवले. काही वाशांची टोकं हाताने तुकडा पडेल इतकी कुजलेली. आणि कुजण्याचं कारण गटर हे नव्हतंच मुळी! कौलांच्या खाली जे काळं डांबरी फेल्ट असतं त्याची कड गटरमध्ये लोंबायला हवी, म्हणजे कौलांखालून येणारं पाणी गटरात पडतं. आमच्या फेल्टची ती कड इतक्या वर्षांत वाळून भुगा झाली होती आणि पाणी फेशियाच्या मागून वाशांवर उतरत होतं. वर कॅपिंग करून घेतलं असतं तरी हे तसंच चालू राहिलं असतं. त्यांनी कुजलेला भाग कापून बाजूला ट्रीट केलेलं नवीन लाकूड बोल्टने जोडलं, आणि कौलांच्या शेवटच्या ओळीखाली प्लास्टिकचे ईव्ह्ज ट्रे टाकले, म्हणजे आता पाणी थेट गटरमध्ये. हे ट्रे फार महाग नसतात पण कोटेशनमध्ये नसले तर कुणी आपणहून टाकत नाही. वाशाच्या दुरुस्तीचा दर त्यांनी आधीच प्रत्येक टोकामागे लिहून दिला होता, त्यामुळे मधेच रक्कम वाढली तरी वाद झाला नाही. हे मला फार प्रामाणिक वाटलं.

आता हवेचं. माझं माहेर चिपळूणकडचं, तिथे पाऊस इथल्यापेक्षा कितीतरी जास्त पण वळचण चांगली हातभर पुढे आलेली, वासे खालून उघडे, पागोळ्या भिंतीपासून लांब पडतात आणि भिजलेलं लाकूड वाऱ्याने वाळून जातं. इथे पाऊस बारीक पण संपतच नाही, वळचण वीतभर आणि तीही पेटीसारखी बंद. म्हणून हवा मुद्दाम आत घ्यावी लागते. नेहमीच्या उताराच्या छपराला कडेने सलग १० मिलिमीटरच्या फटीइतकी हवा मिळायला हवी असा इथला नियम आहे, ती फेशियाच्या वर बसणाऱ्या व्हेंटमधून द्या किंवा जाळीवाल्या सॉफिटमधून. आणि लॉफ्टमध्ये, म्हणजे छपराखालच्या माळ्यावर, इन्सुलेशन कडेपर्यंत कोंबलेलं असेल तर व्हेंट लावूनही उपयोग नाही, तो रस्ता आतून मोकळा ठेवावा लागतो. आमच्याकडे फर्ममधल्या मुलाने वर चढून ते इन्सुलेशन मागे सारलं, हिवाळ्यात फेल्टला आतून जे पाण्याचे थेंब धरायचे ते आता दिसत नाहीत.

तक्रार एक आहे. काम झाल्यावर ऊन पडलं की समोरच्या बाजूने टकटक, कडकड असा आवाज यायचा. प्लास्टिक उन्हात वाढतं म्हणून दोन बोर्डांमध्ये थोडी फट ठेवतात आणि वरून जी जोडपट्टी बसते ती एकाच बाजूला चिकटवायची असते, म्हणजे दुसरी बाजू सरकायला मोकळी. आमच्याकडे मुलाने एका ठिकाणी दोन्ही बाजू चिकटवल्या होत्या. फोन केल्यावर आधी "थोडा आवाज होतोच" असं उत्तर मिळालं, परत सांगितल्यावर वडील स्वतः आले, पट्टी बदलली, आवाज जवळजवळ गेला. पहिल्याच फोनला यायला हवं होतं, म्हणून एक स्टार कमी. ज्यांना ती गडद करडी फॅशनची फेशिया हवी आहे त्यांनी हे जास्त लक्षात ठेवा, गडद रंग जास्त तापतो, जास्त वाढतो, त्याला खिळे ४०० मिलिमीटरवर लागतात, पांढऱ्याला ६०० चालतात. खिळे स्टेनलेस स्टीलचेच, प्लास्टिकच्या डोक्याचे.

काम कधी काढायचं तर पक्ष्यांचा विचार करून. साधारण मार्च ते ऑगस्ट घरट्यांचा काळ, आणि वापरात असलेलं घरटं हलवणं १९८१ च्या वाइल्डलाइफ कायद्याने गुन्हा आहे. आमच्या वळचणीत चिमण्या होत्या, पिल्लं उडून जाईपर्यंत थांबलो आणि सप्टेंबरमध्ये सुरुवात केली. यांनी ते स्वतःहून सुचवलं. इथे चिमण्या खूप कमी झाल्यात, म्हणून शेवटी गॅबलच्या, म्हणजे छपराखालच्या तिकोनी भिंतीवर त्यांच्यासाठी लाकडी खोकं पण बसवून घेतलं, मला त्याचा खूप आनंद आहे. वटवाघळं असतील तर अजून कडक नियम, त्यांची जागा रिकामी असली तरी संरक्षित असते, आधी सल्ला घ्या.

सेमीवाल्यांनी शेजाऱ्यांशी आधी बोला. शेजारच्या बाईंनी त्यांची अर्धी बाजू आत्ता नको म्हटलं, मग हद्दीवर नीट कापून जोड केला, गटर मात्र दोघांचं सलग असल्यामुळे उतार कुठल्या डाउनपाइपकडे जातो ते बघून घ्यावं लागलं.

पैशाचं थोडक्यात. सगळे आधी देऊ नका. निदान डिपॉझिट क्रेडिट कार्डने द्या, १०० पौंडांपेक्षा जास्त आणि ३०,००० पौंडांपर्यंतच्या कामाला इथल्या ग्राहक कर्ज कायद्याच्या सेक्शन ७५ खाली कार्ड कंपनीही जबाबदार राहते, थोडीच रक्कम कार्डने दिली असली तरी. आणि "इथून जाताना तुमचं छप्पर खराब दिसलं" म्हणत दार वाजवणाऱ्याला कधीच काम देऊ नका, विशेषतः आई-बाबा इकडे राहायला आले असतील आणि दिवसा एकटे असतील तर त्यांना हे आधीच सांगून ठेवा.

देखभाल म्हणजे आता रंगकाम गेलं, पण अगदीच काही नाही असं नाही. पानगळ संपली की गटर साफ, नाहीतर तुंबून मागच्या बाजूने परत पाणी. बोर्डवर हिरवट थर येतो तो कोमट पाणी, भांड्यांचं लिक्विड आणि मऊ कापड याने निघतो, घासणी किंवा थिनर लावला तर चमक जाते. प्रेशर वॉशरचा झोत खालून वर मारू नका, पाणी व्हेंटमधून आत जातं.

स्कॅफोल्डिंग उतरवायच्या आधी एक गोष्ट नक्की करून घ्या, वरच्या टोकाला बादलीभर पाणी गटरमध्ये ओतायला सांगा आणि ते कुठेही न थांबता, जॉइंटमधून न ठिबकता डाउनपाइपपर्यंत जातंय का ते स्वतः उभं राहून बघा. आमच्याकडे मागच्या बाजूला पाणी मधेच साचलं, एक ब्रॅकेट वर-खाली करून त्यांनी तिथल्या तिथे नीट केलं, स्कॅफोल्डिंग गेल्यावर त्याच ब्रॅकेटसाठी परत पैसे पडले असते.