हंगामाअखेरचा जोर पुढच्या वर्षी टिकेल का? हे तपासायला बास्केटबॉल-रेफरन्स किती कामाची

मार्च-एप्रिलमध्ये, म्हणजे हंगाम संपता संपता, एनबीए या अमेरिकी बास्केटबॉल लीगमधला एखादा संघ सुसाट सुटला की पुढच्या हंगामाबद्दलच्या अपेक्षा आभाळाला भिडतात. त्या अपेक्षांना आधार आहे का, हे फुकटात तपासायचं तर बास्केटबॉल-रेफरन्सएवढी कामाची साइट दुसरी नाही. मात्र या एका प्रश्नासाठी ती वापरताना काही ठिकाणी हमखास फसायला होतं.

आधी मायामी हीटचं २०१६-१७ चं पान उघडा. पहिल्या ४१ सामन्यांत ११ विजय, उरलेल्या ४१ मध्ये ३० विजय. एकूण ४१-४१, शिकागोइतकेच विजय, तरी बरोबरी फोडण्याच्या नियमात (टायब्रेकर) मागे पडल्याने प्लेऑफ, म्हणजे हंगामानंतरची बाद फेरी, हुकली. उत्तरार्धाचा वेग अख्ख्या हंगामाला लावला तर ६० विजय होतात. संघाने डियॉन वेटर्स आणि जेम्स जॉन्सन यांना चार-चार वर्षांचे करार देऊन तोच गाभा राखला. पुढच्या वर्षी विजय किती? ४४. वेटर्स घोट्याच्या दुखापतीमुळे ३० सामनेच खेळला हे खरं, पण अंदाजाची चूक त्याआधीच झालेली होती. पूर्ण हंगामात मायामीचा गुणफरक (केलेले गुण वजा दिलेले गुण) सामन्यामागे जेमतेम १ होता आणि असा १ गुण साधारण अडीच विजयांच्या बरोबरीचा धरतात. म्हणजे ८२ सामन्यांतले निम्मे ४१ अधिक अडीच. हा हिशेब साइट स्वतःच करून देते. संघाच्या पानावर वरच्या बाजूला ‘एक्स्पेक्टेड’ जय-पराजय दिलेले असतात. बहुतेकांची नजर त्यावरून घसरून थेट विजयांच्या मालिकेवर जाते.

शेवटचे २०-२५ सामने वेगळे काढायचे तर संघाच्या ‘गेम लॉग’वर, म्हणजे सामनावार तक्त्यावर जा आणि ‘शेअर अँड एक्सपोर्ट’मधून तक्ता सीएसव्ही (स्प्रेडशीटमध्ये उघडणारी फाइल) करून घ्या. दर २० ओळींनंतर शीर्षकाची ओळ पुन्हा येते, ती आधी काढून टाका, नाहीतर बेरजा बिघडतात. टक्केवारीच्या स्तंभाची सरासरी कधीही काढू नका. यशस्वी फेकी आणि एकूण फेकी वेगवेगळ्या बेरजून मगच भागा. ‘स्प्लिट्स’च्या पानावर ऑल-स्टार या निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठीच्या सुटीआधीचे आणि नंतरचे आकडे तयार मिळतात, पण ती सुटी हंगामाच्या बरोबर मध्यावर नसते, सुमारे ५५ सामन्यांनंतर येते. त्यामुळे मायामीसारखी उडी त्यात नीट दिसत नाही.

मग प्रतिस्पर्ध्यांच्या तीन गुणांच्या फेकी बघा. २० सामन्यांत प्रतिस्पर्धी साधारण ७०० वेळा तिथून फेकतात. ३६ टक्के सरासरी धरली तर एवढ्या फेकींत निव्वळ योगायोगाने १.८ टक्क्यांचा फरक सहज पडतो, म्हणजे सामन्यामागे जवळजवळ २ गुण. ८२ सामन्यांत त्याचे पाच विजय होतात. ‘बचाव सुधारला’ म्हणून जे कौतुक होतं, त्यातला बराच भाग बहुतेक वेळा हा योगायोगच असतो.

प्रतिस्पर्धी कोण होते, हेही हाताने तपासावं लागतं. ह्यूस्टन रॉकेट्सने मार्च २०२४ मध्ये सलग ११ सामने जिंकले. त्यातले सात पोर्टलंड, वॉशिंग्टन, युटा आणि सॅन अँटोनियोविरुद्धचे, म्हणजे हंगाम सोडून दिलेल्या संघांशी होते. मालिका संपल्यावर उरलेल्या नऊपैकी तीनच जिंकून ते ४१-४१ वर थांबले. तरीही पुढच्या वर्षी त्यांनी ५२ विजय मिळवले. कारण शोधायचं तर त्या मालिकेत नाही, खेळाडूंच्या यादीत शोधा: मालिकेच्या सुरुवातीलाच जखमी झालेला त्यांचा मुख्य सेंटर शेंगुन परतला, दुसरा सेंटर स्टीव्हन ॲडम्स उपलब्ध झाला आणि तरुण खेळाडू एका वर्षाने मोठे झाले.

यासाठी साइटवरचं ‘रोस्टर कंटिन्युइटी’ हे पान फार मोलाचं आहे आणि तितकंच दुर्लक्षित. संघाची किती टक्के मिनिटं आदल्या वर्षीच्याच खेळाडूंनी खेळली, हे त्यात दिसतं. पण केवळ त्यावर विसंबू नका. अटलांटा हॉक्सने प्रशिक्षक नेट मॅकमिलनच्या हाताखाली २०२१ मध्ये २७-११ अशी धाव घेऊन पूर्व विभागाची अंतिम फेरी गाठली, मुख्य खेळाडू कायम ठेवले आणि पुढच्या वर्षी ४३-३९ वर आले. उलट फिनिक्स सन्स २०२० मध्ये ऑरलँडोत ८-० राहिले आणि पुढच्या हंगामात थेट अंतिम फेरीत पोचले, पण मध्ये ख्रिस पॉल हा अनुभवी खेळाडू संघात आला होता. आठ सामन्यांवरून तो निष्कर्ष कुणालाच काढता आला नसता.

त्रुटी सांगायच्या तर, हव्या त्या दोन तारखांमधलं नेट रेटिंग (दर १०० चढायांमागचा गुणफरक) इथे आयतं मिळत नाही. मोबाईलवर रुंद तक्ते सरकवताना खेळाडूचं नाव एकीकडे आणि आकडा दुसरीकडे अशी गत होते, लॅपटॉपच बरा. मालिका आणि कालखंडांचा सखोल शोध स्टॅटहेड या सशुल्क भागात आहे. पण फक्त या प्रश्नासाठी ते पैसे भरू नका. एनबीएच्या अधिकृत आकडेवारीच्या साइटवर ‘ॲडव्हान्स्ड’ तक्त्याला तारखांची चाळणी लावता येते, आणि तीही फुकट. सामना हातातून गेल्यानंतरची निरर्थक मिनिटं वगळलेले आकडे हवे असतील तर मात्र क्लीनिंग द ग्लास या साइटची वर्गणी द्यावी लागेल. एप्रिलच्या सामन्यांसाठी ती वसूल होते, कारण त्या महिन्यात अशी मिनिटं भरपूर असतात.