घरी देखरेख की विशेष गृह?
शेजारच्या मावशींचा सोळा वर्षांचा नातू मोबाईलचोरीत दोषी ठरला. "घरी ठेवू की आत राहू देऊ?" त्या विचारत होत्या. ठरवणार बाल न्याय मंडळच (अठरा वर्षांखालच्या मुलांचे गुन्हे हाताळणारं), पण पर्याय माहीत हवेत: परिवीक्षा, म्हणजे पालकांच्या देखरेखीखाली घरी राहणं, आणि विशेष गृह, म्हणजे दोषी ठरलेल्या मुलांना ठेवण्याची संस्था.

मुदत दोन्हीकडे जास्तीत जास्त 3 वर्षं. परिवीक्षेत शाळा सुटत नाही. पालकांना मात्र हमीपत्र द्यावं लागतं आणि रोज डोळ्यात तेल घालून बसावं लागतं. विशेष गृहात शिक्षण, समुपदेशन असतं, पण संगत निवडता येत नाही. मला तीच भीती मोठी वाटते.

पहिलीच चूक आणि घरात खमकं माणूस असेल, तर परिवीक्षा. घरातलाच कुणी चोरीला लावत असेल, तर विशेष गृह बरं. मावशी खमक्या आहेत.