सीएच३४१ए प्रोग्रॅमर आणि एसओपी८ क्लिप: अपडेटमध्ये अडकलेल्या कॅमेऱ्यासाठी घ्यावा का?

किटमध्ये साधारण एवढे येते: काळ्या बोर्डाचा सीएच३४१ए यूएसबी प्रोग्रॅमर, आठ पायांची क्लिप व तिची रिबन केबल, ती केबल सॉकेटमध्ये बसवायचे छोटे बोर्ड, सुटी चिप सोल्डर करायचे दुसरे बोर्ड आणि बऱ्याच संचांत १.८ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर. काम एकच. फर्मवेअर (कॅमेऱ्याच्या आतले सॉफ्टवेअर) अपडेट अर्ध्यावर तुटून ब्रिक झालेल्या, म्हणजे विटेसारखा निकामी पडलेल्या, नेटवर्क कॅमेऱ्याची फ्लॅश चिप (फर्मवेअर साठवणारी मेमरी) थेट वाचायची आणि तिच्यावर परत लिहायचे. कॅमेऱ्याचा बूटलोडर (वीज दिल्यावर सर्वांत आधी चालणारा छोटा प्रोग्रॅम) शाबूत आहे की गेला, याच्याशी प्रोग्रॅमरला देणेघेणे नसते. त्यामुळे बाकीचे उपाय थकल्यावरही हा चालतो. पण पहिला उपाय म्हणून तो हातात घेऊ नये.

आधी कॅमेरा खरंच मेलाय का ते बघा. अपडेटमध्ये बहुतेक कॅमेरे कर्नल (सिस्टिमचा गाभा) आणि रूट फाइल सिस्टिम (बाकीचे प्रोग्रॅम व फाइली) बदलतात, बूटलोडरला सहसा हात लावत नाहीत. वीज दिल्यावर एलईडी लुकलुकत असेल किंवा नेटवर्क पोर्टवर लिंक ठरावीक अंतराने येऊन जात असेल, तर बूटलोडर जिवंत असण्याची शक्यता मोठी आहे. स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवा. वाइज कंपनीच्या दुसऱ्या पिढीच्या कॅमेऱ्याला फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या मेमरी कार्डावर, कुठल्याही फोल्डरबाहेर, ‘डेमो.बिन’ नावाची फाइल लागते. तिसऱ्या पिढीला ‘डेमो_डब्ल्यूसीव्ही३.बिन’. कार्ड ३२ जीबी किंवा त्याहून लहान घ्या. कार्ड घालून सेटअप बटण दाबून धरायचे, तसेच धरून वीज जोडायची, दिवा निळा (तिसऱ्या पिढीत जांभळा) झाला की बोट काढायचे आणि चारेक मिनिटे हात बांधून बसायचे. इथे घोटाळा होतो तो नेहमीच्याच कारणांनी: कार्ड एक्सफॅट असते, किंवा विंडोजने फाइलचे शेपूट (एक्स्टेन्शन) लपवल्यामुळे नाव नकळत ‘डेमो.बिन.बिन’ झालेले असते.

हिकव्हिजन कंपनीच्या अनेक मॉडेलांत बूटलोडर टीएफटीपीने (नेटवर्कवरून फाइल देण्याघेण्याची साधी पद्धत) संगणकाकडे फाइल मागतो. संगणकाचा पत्ता १९२.०.०.१२८, कॅमेऱ्याचा १९२.०.०.६४, फाइलचे नाव ‘डिजिकॅप.डॅव’. केबल थेट संगणकाला लावली तर कॅमेरा सुरू होताना लिंक पडते, आणि संगणक सावरेपर्यंत कॅमेऱ्याची मागणी संपून गेलेली असते. मध्ये एक साधा स्विच ठेवला की हा त्रास मिटतो. फायरवॉलही तेवढ्यापुरता बंद ठेवा.

कॅमेऱ्याला वीज देणाऱ्या अ‍ॅडॉप्टरकडेही संशयाने पाहा. लांब, बारीक यूएसबी केबलवर ५ व्होल्टचे कॅमेऱ्याच्या टोकाला बरेच कमी उरतात. इन्फ्रारेड दिवे लागले की विजेची ओढ वाढते आणि कॅमेरा रीसेट होतो. तो रीसेट नेमका फ्लॅश पुसली जात असताना झाला तर अपडेट तुटलाच. अपडेट दिवसा, नाइट मोड बंद करून आणि आखूड केबलवर करावा. एवढ्या खबरदारीने हे किट विकत घ्यायची वेळच अनेकांवर येणार नाही.

आता किटकडे. या काळ्या बोर्डाचा मोठा दोष डिझाइनमध्येच आहे. सॉकेटला वीज ३.३ व्होल्टची जाते, हे बरोबर. पण सीएच३४१ए ही चिप स्वतः ५ व्होल्टवर चालते, त्यामुळे क्लॉक, डेटा आणि चिप सिलेक्ट या संदेश नेणाऱ्या रेषांवरही ५ व्होल्टच्या आसपास येतात. विनबॉन्ड या चिप बनवणाऱ्या कंपनीच्या २५क्यू मालिकेच्या डेटाशीटप्रमाणे पायांवर पुरवठ्यापेक्षा जास्तीत जास्त ०.४ व्होल्ट अधिक चालतात, म्हणजे ३.७. बऱ्याच चिपा हे सोसतात म्हणून लोक ‘चालतंय की’ म्हणतात. पण क्लिप लावलेली असताना त्याच रेषा कॅमेऱ्याच्या मुख्य प्रोसेसरलाही जोडलेल्या असतात, आणि तो इतका सोशिक असेलच असे नाही. मल्टिमीटर लावून क्लॉक आणि चिप सिलेक्टचा व्होल्टेज आधी मोजा. दुरुस्ती अशी: सीएच३४१एचा २८ नंबरचा पाय बोर्डावरून उचलायचा, त्याला रेग्युलेटरच्या ३.३ व्होल्टच्या टोकाशी बारीक तारेने जोडायचे आणि ९ नंबरचा पायही त्याच ३.३ला न्यायचा. सोल्डरिंगला हात बसलेला नसेल तर व्होल्टेज निवडायचे बटण असलेला बोर्ड घ्या. तोही मोजूनच वापरा, बटणावर छापलेल्या आकड्यावर जाऊ नका.

१.८ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर लागेल का, हे चिपवरचे नाव सांगते. विनबॉन्डमध्ये जेव्ही किंवा एफव्ही म्हणजे ३ व्होल्टची, जेडब्ल्यू किंवा एफडब्ल्यू म्हणजे १.८ची. गिगाडिव्हाइसमध्ये २५क्यू आणि २५एलक्यू, मॅक्रोनिक्समध्ये २५एल आणि २५यू, असाच भेद. अक्षरे इतकी पुसट असतात की मोबाइलचा टॉर्च तिरका धरून, भिंग लावूनच वाचावी लागतात. आकारही नावात असतो: ६४ म्हणजे ८ एमबी, १२८ म्हणजे १६ एमबी.

सगळ्यात वैताग देते ती क्लिप. तिची स्प्रिंग कडक, दात बारीक, आणि केबलच्या वजनाने ती हळूहळू तिरकी होते. केबलची लाल तार पहिल्या पायाची. चिपवर त्या कोपऱ्यात ठिपका असतो. कॅमेऱ्याची वीज आणि नेटवर्क केबल दोन्ही काढलेली हवी. मग चिपची ओळख वाचा. विनबॉन्डच्या १६ एमबीच्या ३ व्होल्ट चिपेची ओळख सहसा ईएफ ४० १८ अशी येते. सगळे एफएफ आले तर बहुधा दात टेकलेले नाहीत. सगळे शून्य आले तर बहुतेक वेळा चिपेचा व्होल्टेज खाली बसला आहे: क्लिपमधून जाणारे ३.३ व्होल्ट चिपेपुरते राहत नाहीत, सगळ्या बोर्डात पसरतात. क्लिप लावताच प्रोग्रॅमरचा दिवा मंदावतो आणि कधी कधी कॅमेऱ्याचा दिवा मिणमिणतो, ही त्याची खूण. प्रोसेसर अर्धवट जागा होऊन त्याच फ्लॅशशी बोलायला लागला की वाचन दर वेळी वेगळे येते. अशा वेळी क्लिपशी झोंबण्यात अर्थ नाही. हॉट एअरने चिप काढा, छोट्या बोर्डावर सोल्डर करून सॉकेटमध्ये बसवा. सॉकेटचे दोन भाग असतात. २५ लिहिलेल्या भागात बसवायची, २४च्या भागात नाही. डब्ल्यूएसओएन प्रकारच्या चिपेला बाहेर पायच नसतात, तिथे ही क्लिप निरुपयोगी.

सॉफ्टवेअरमध्ये लिनक्सवर फ्लॅशरॉम, विंडोजवर निओप्रोग्रॅमर किंवा एएसप्रोग्रॅमर वापरा. बोर्डासोबत सीडीवर किंवा दुव्यावर मिळणाऱ्या जुन्या सॉफ्टवेअरपासून चार हात लांब राहा. १६ एमबी वाचायला दोनेक मिनिटे लागतात. पुसणे, लिहिणे आणि पडताळणे धरून बराच जास्त वेळ. किमान दोनदा वाचा आणि दोन्ही फाइलींचा एसएचए२५६ (फाइलीच्या मजकुरावरून काढलेला ओळख-आकडा) जुळवा. जुळला नाही तर लिहिण्याचा विचारही नको.

मूळ प्रत, म्हणजे चिपेतून वाचलेली फाइल, हाती आली की ती हेक्स एडिटरमध्ये (फाइलीतले बाइट जसेच्या तसे दाखवणारा प्रोग्रॅम) उघडा. बिघाड नुसत्या डोळ्यांनी सापडू शकतो. यू-बूट या बूटलोडरच्या जुन्या इमेजचा कर्नल २७ ०५ १९ ५६ या बाइटांनी सुरू होतो, स्क्वॉशएफएस (दाबून साठवलेली फाइल सिस्टिम) ‘एचएसक्यूएस’ या अक्षरांनी. स्क्वॉशएफएसच्या सुरुवातीपासून ४०व्या बाइटावर तिची एकूण लांबी लिहिलेली असते. त्या लांबीच्या आधीच एफएफ एफएफ एफएफची सलग रांग लागली, तर अपडेट तिथे तुटला.

आता काय लिहायचे, इथे सर्वाधिक कॅमेरे दुसऱ्यांदा मरतात. कंपनीच्या साइटवरची अपडेट फाइल म्हणजे फ्लॅशची प्रत नव्हे. तिला स्वतःचे हेडर असते, आत वेगवेगळे तुकडे असतात, बूटलोडर बहुधा नसतोच. ती चिपेच्या अगदी सुरुवातीपासून लिहिली तर चालू असलेला बूटलोडरही जातो. बिनवॉक या प्रोग्रॅमने तुकडे वेगळे करा आणि कर्नल व रूट फाइल सिस्टिम तेवढीच मूळ प्रतीत आपापल्या जागी बसवा. जागा बूटलोडरच्या ‘एमटीडीपार्ट्स’ या, फ्लॅशचे भाग कुठे आहेत ते सांगणाऱ्या, ओळीत सापडतात. फाइल एन्क्रिप्टेड असेल तर हा रस्ता तिथेच संपतो.

त्याच मॉडेलच्या दुसऱ्या कॅमेऱ्याची पूर्ण प्रत चढवणे सोपे वाटते आणि बरेच जण तेच करतात. कॅमेरा उठतो, पण दुसऱ्याचे सोंग घेऊन. मॅक पत्ता, सिरियल नंबर आणि क्लाउडच्या किल्ल्या अनेकदा फ्लॅशच्याच एका भागात असतात. एका नेटवर्कवर दोघे आले की दोघांचे चित्र आळीपाळीने जाते, आणि अ‍ॅपमध्ये एकच कॅमेरा दिसतो. दुसऱ्याची प्रत घ्याच, पण तो भाग स्वतःच्या मूळ प्रतीतून परत टाका. हार्डवेअर आवृत्तीही एकच हवी. मॉडेल तेच ठेवून आत सेन्सर किंवा वायफाय चिप बदललेली असू शकते.

जंपर हलवून हाच बोर्ड सिरियल कन्सोलसाठीही (तारांवरून कॅमेऱ्याचे संदेश वाचायला व त्याला आज्ञा द्यायला) वापरता येतो, अशी जाहिरात असते. वर सांगितलेली दुरुस्ती केली नसेल तर इथेही ५ व्होल्टचीच पाठवणी होते, आणि ती थेट प्रोसेसरच्या पायावर. त्यासाठी ३.३ व्होल्टचा वेगळा यूएसबी सिरियल अ‍ॅडॉप्टर ठेवा: वेग बहुधा १,१५,२००, ग्राउंड व दोन डेटा तारा जोडा, विजेची तार सोडून द्या.

एसपीआय नँड किंवा ईएमएमसी (फ्लॅश मेमरीचे वेगळे प्रकार) असलेल्या कॅमेऱ्यासाठी हे किट घेऊ नका. नँडमधले खराब ब्लॉक सांभाळणे या साध्या पद्धतीच्या आवाक्याबाहेर आहे. ८ किंवा १६ एमबीची नॉर चिप (वर सांगितलेल्या आठ पायांच्या फ्लॅशचा प्रकार) असलेल्या साध्या कॅमेऱ्यांसाठी मात्र, व्होल्टेजची दुरुस्ती करून, जरूर घ्या. सोबतच्या क्लिपऐवजी चांगल्या दर्जाची क्लिप वेगळी घ्या. आणि लिहून झाल्यावर पहिल्यांदा वीज दिली की दिवा लगेच लागला नाही म्हणून प्लग उपटू नका. पुसलेला सेटिंग्जचा भाग कॅमेरा तेव्हा नव्याने तयार करत असतो.