अण्णांच्या मणक्याचं एसबीआरटी : दहा महिन्यांनंतरचा अनुभव

अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, प्रोस्टेटचा कॅन्सर आहे आणि तो हाडांत पसरलाय. दुखणं दोन जागी होतं, कमरेचा दुसरा मणका आणि उजवा खुबा. मणक्याला एसबीआरटी दिलं, म्हणजे नेमक्या तेवढ्याच जागेवर मोठा डोस, दोन दिवसांत मिळून २४ ग्रे (ग्रे हे किरणांच्या डोसचं माप). खुब्याला साधं रेडिएशन, एकदाच, ८ ग्रे. एकाच माणसावर दोन्ही पद्धती बघायला मिळाल्या, म्हणून सविस्तर लिहितेय.

किरणं लागताना काही कळत नाही. त्रास होतो तो टेबलावर निपचित पडून राहण्याचा. आधी सीटी आणि एमआरआय होतो, मग हवा ओढून घेतली की अंगाच्या आकाराची घट्ट होणारी गादी बनवतात. मणक्याला लागूनच मज्जारज्जू असतो, त्यामुळे मिलिमीटरचा हिशोब. पाऊण तास हलायचं नाही. पहिल्या दिवशी वीस मिनिटांतच अण्णा कळवळले आणि मशीन थांबवावं लागलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना विचारून मॉर्फिनची गोळी तासभर आधी दिली, तेव्हा निभावलं.

घरी आल्यावर तिसऱ्या रात्री दुखणं इतकं वाढलं की अण्णा कुशीवर वळू शकेनात. "बाळा, हे करून चूक झाली का गं?" असं ते म्हणाले, तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं. रेडिएशननंतर पहिले काही दिवस दुखणं उफाळून येऊ शकतं आणि डेक्सामेथासोन या स्टिरॉइडच्या गोळ्यांनी ते बऱ्याच अंशी आवरतं, हे आम्हाला सकाळी फोन केल्यावर कळलं. घरी सोडताना कुणी सांगितलं नव्हतं. याचा मला आजही राग आहे.

दुखण्याला दहापैकी किती, हे मी रोज कालनिर्णयच्या चौकटीत दुधाच्या हिशोबाखाली लिहायचे. आधी ७, त्या रात्री ९, दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी ६, सहाव्या आठवड्यात ३, तीन महिन्यांनी १. मॉर्फिन बंद झालं, त्यासोबत बद्धकोष्ठही गेलं. पण मला आकड्यापेक्षा खरं वाटलं ते गणपतीत. आरतीला अण्णा पूर्ण वेळ उभे राहिले आणि टाळ कुणाला दिली नाही.

आमच्या डॉक्टरांनी सुरुवातीलाच दोन्ही बाजू मांडल्या होत्या. कॅनडा आणि ऑस्ट्रेलियात २२९ रुग्णांवर झालेला अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात तीन महिन्यांनी मणक्याचं दुखणं पूर्ण थांबलेले रुग्ण एसबीआरटीच्या गटात ३५ टक्के होते, साध्या रेडिएशनच्या गटात १४ टक्के. अमेरिकेतल्या दुसऱ्या अभ्यासात मात्र एकाच वेळी मोठा डोस देऊन साध्या ८ ग्रेपेक्षा फायदा दिसला नाही. म्हणून सरसकट सगळ्यांनी याचाच हट्ट धरावा असं मी म्हणणार नाही. अण्णांच्या हाडांत आजार तीन-चारच जागी होता आणि औषधांनी आटोक्यात होता, म्हणून आम्हाला ते पटलं.

खुब्याचं सांगायचं तर त्या एका वेळच्या डोसनेही तीन आठवड्यांत छान आराम पडला. सातव्या महिन्यात दुखणं परतलं आणि तिथं पुन्हा रेडिएशन द्यावं लागलं. एकदाच दिलेल्या डोसनंतर असं पुन्हा द्यावं लागण्याचं प्रमाण जास्त असतं, हे आम्हाला माहीत होतं. तरी थोडं थोडं रेडिएशन घ्यायला दहा खेपा घालण्यापेक्षा त्यांना हेच सोसलं.

मणक्याची बाजूही निर्धोक नाही. पाचव्या महिन्यात तपासणीत तो मणका थोडा दबलेला निघाला. मोठ्या डोसनंतर हाड ठिसूळ होऊन असं होऊ शकतं. आता बाहेर पडताना पट्टा, आणि बादली उचलणं कायमचं बंद. हाडांसाठी झोलेड्रोनिक ॲसिडचं इंजेक्शनही चालू आहे. ते सुरू करण्याआधी दातांची कामं उरकून घ्या, नंतर दात काढला तर जबड्याचं हाड बिघडू शकतं.

रेडिएशनने तेवढी जागा शांत होते, आजार अंगात असतोच. मणक्यात आजार असलेल्या माणसाचे पाय अचानक लुळे पडू लागले, बधिर झाले किंवा लघवी अडली, तर सकाळची वाट बघायची नसते. आठव्या महिन्यात एका रात्री अण्णा म्हणाले, "डावा पाय माझा वाटत नाही." दोन वाजता गाडी काढली, पहाटे एमआरआय झाला. मज्जारज्जूवर दाब नव्हता. पुन्हा असं म्हणाले तर पुन्हा दोन वाजता गाडी काढेन.