डीपीएफचा पिवळा दिवा : शहरात डिझेल गाडी वापरल्यानंतरचा अनुभव

रूट कोथरूड ते हिंजवडी, गाडी बीएस-६ डिझेल, मॅन्युअल. पावसाळ्याआधी घेतली. मायलेज, पिकअप, एसी सगळं उत्तम. लिहितोय ते फक्त डीपीएफबद्दल, म्हणजे डिझेल गाडीच्या धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरबद्दल (डिझेल पार्टिक्युलेट फिल्टर), कारण गाडी विकताना शोरूममध्ये हा विषय कुणी काढत नाही.

नुसता पिवळा दिवा लागला तर घाबरायचं कारण नाही. धुरातली काजळी फिल्टरमध्ये अडकते आणि ती जळायला ६०० अंशांच्या आसपास तापमान लागतं. भूमकर चौकात पहिल्या-दुसऱ्या गिअरवर सरकताना ते येणार कुठून? मग गाडी जादा डिझेल मारून फिल्टर तापवायला घेते आणि नेमकं तेव्हाच ऑफिसचं पार्किंग येतं. काम अर्धवट राहतं. असं वरचेवर झालं की दिवा लागतो.

मग रविवारी उजाडताच चांदणी चौकातून साताऱ्याच्या दिशेने हायवे धरायचा. नवले पुलापासून नव्या कात्रज बोगद्यापर्यंतचा चढ या कामाला एकदम फिट. चौथा गिअर, आरपीएम दोन हजारांच्या वर, साधारण वीस मिनिटं. टॉप गिअर टाकून डिझेल वाचवायला जाऊ नका. खेड शिवापूरच्या आसपास माझा दिवा विझतो. परतताना त्याच उतारावर मात्र डीपीएफ वगैरे विसरून गाडी गिअरमध्ये, हळू. तिथले अपघात पुणेकरांना सांगायला नकोत.

दिवा लागण्याआधीही गाडी खुणा देते. सिग्नलला उभं असताना आरपीएम नेहमीपेक्षा वर, स्क्रीनवरचं मायलेज धाडकन खाली, ऑटो स्टॉप (थांबल्यावर इंजिन आपोआप बंद होणं) काम करत नाही, बंद केल्यावरही पंखा घोंघावतोय. असं दिसलं की मी सोसायटीत न शिरता बायपासला एक फेरी मारून येतो. घरचे हसतात, हसू देत.

दिव्यावरून एका सर्व्हिस सेंटरने लगेच फिल्टर क्लीनिंगचं एस्टिमेट हातात ठेवलं. 'आधी स्कॅनर लावून काजळीचं रीडिंग दाखवा,' म्हटलं. हायवेची फेरी मारून पुन्हा बघितलं तर ते बरंच उतरलेलं, क्लीनिंग रद्द. पण सोबत इंजिनचा दिवा लागला किंवा गाडीने ओढायचं सोडलं, तर हायवेचे प्रयोग करू नका, थेट सर्व्हिसला न्या. फिल्टर काढून रीमॅप (इंजिनचं सॉफ्टवेअर बदलणं) करून देणारे गॅरेजवालेही भेटतात. ते बेकायदा आहे, शिवाय वॉरंटीवर पाणी.

खरं लक्ष ऑइलवर हवं. काजळी जाळणं अर्धवट राहिलं की प्रत्येक वेळी थोडं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरतं. त्यामुळे डिपस्टिकवर पातळी कमी होण्याऐवजी वाढलेली दिसते आणि 'वा, ऑइल भरपूर आहे' असं वाटतं. वरच्या खुणेपलीकडे गेली तर सर्व्हिसच्या तारखेची वाट न बघता ऑइल बदला, तेही मॅन्युअलमध्ये सांगितलेलं कमी राखेचंच. काजळी जळून जाते, राख जळत नाही, फिल्टरमध्येच बसते.

आमची कोल्हापूरला गावी फेरी झाली की पुढे बरेच दिवस दिवा लागत नाही. ज्यांची गाडी शहराबाहेर पडतच नाही, त्यांनी सरळ पेट्रोल घ्यावी.